माळ, लंगोट आणि दोन वेळचे जेवण

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत व्यसन सोडण्याची, खाणेपिणे आवरण्याची किंवा अंग कसण्याची सुरुवात पूर्वापार नेमाने होत आली आहे. नेम धरायचा निश्चय ज्याचा त्याचा. पण तो धरायचा चारचौघांदेखत, कुणाच्या तरी हातून आणि सहसा ठरलेल्या तिथीला. बहुतेक नेमांची एखादी खूण अंगावर राहते. कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कुणाच्या इष्टलिंग, कुणाच्या हातात कडे, कुणाच्या कमरेला लंगोट. यांपैकी एकाही नेमाचा उघड हेतू आरोग्य हा नव्हता. कुणाला देव हवा होता, कुणाला कुस्ती मारायची होती, कुणाला निझामाच्या राज्यात ताठ मानेने वावरायचे होते. शरीर सुधारले ते त्या ओघात. नुसत्या तब्येतीसाठी नेम धरायची वेळ या भागावर आली ती अगदी अलीकडे, आणि तेव्हाही जुनीच रीत नव्या कपड्यांत पुढे आली.

गोदावरी आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतला हा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नांदेड तेव्हाही स्वतंत्र जिल्हा होता. लातूर मात्र उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदरकडे. लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 रोजी. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चारही बोलींचे लोक इथे शेजारी नांदत आले, त्यामुळे नेम देणारे पंथही अनेक झाले.

एक जुना धागा महानुभावांचा. चक्रधरांनी तेराव्या शतकात उभ्या केलेल्या या पंथाचे माहूर हे मोठे ठिकाण. उपदेश घेतलेल्याला मद्य आणि मांस दोन्ही वर्ज्य. लातूर, उदगीर, अहमदपूरच्या पट्ट्यात वीरशैवांची वस्ती दाट आहे. तिथे दीक्षेबरोबर तोच निर्बंध येतो. मन्मथस्वामींच्या कपिलधारला, म्हणजे बीड जिल्ह्यात, या भागातून दरवर्षी पायी दिंड्या जातात. अहमदपूरचे शिवलिंग शिवाचार्य महाराज हे वैद्यकीय शिक्षण घेऊन मठाकडे वळलेले. 2020 मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. नांदेडमध्ये गुरू गोविंदसिंगांचे 1708 साली निर्वाण झाले आणि महाराजा रणजितसिंगांच्या काळात, 1832 ते 1837 या वर्षांत, सचखंड हुजूर साहिबची आजची वास्तू उभी राहिली. अमृत छकलेल्या शिखाला तंबाखू निषिद्ध. ज्या मुलखात तंबाखूची चंची पाहुण्यापुढे पानासुपारीच्या जोडीने सरकवली जाते, तिथे तंबाखूला हात न लावणारा एक अख्खा समाज तीनशे वर्षे राहतो आहे, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

या सगळ्यांत गावोगाव रुजला तो वारकऱ्यांचा नेम. माळ घालणे याचा अर्थ बाजारातून माळ आणून गळ्यात अडकवणे नव्हे. एकशे आठ मण्यांची तुळशीची माळ फडकरी किंवा गुरू घालतात, बहुधा एकादशीला, शक्य तर पंढरपूर-आळंदीला. घालताना अटी सांगितल्या जातात: मांस-मद्य सोडायचे, महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरायच्या, रोज हरिपाठ म्हणायचा, वर्षातून एक वारी करायची. औशाच्या नाथ संस्थानाची परंपरा लातूर जिल्ह्यात या कामी मोठी. वीरनाथ, मल्लनाथ या औसेकर महाराजांच्या घराण्यात वीरशैव आणि वारकरी अशा दोन्ही धारा एकत्र आल्या, आणि फेर धरून म्हटले जाणारे त्यांचे चक्रीभजन पंढरपुरातही ओळखीचे आहे.

माळेचा खरा उपयोग कळतो तो कंदुरीच्या दिवशी. नवस फेडायला बोकड कापला जातो, भावकी गोळा होते, पंगतीवर पंगत उठते. अशा वेळी न खाणाऱ्याची पंचाईत असते. नको म्हटले तर यजमानाला राग, घेतले तर पोटाला त्रास; आणि पिण्याचा आग्रह तर खाण्याहून चिवट. पण गळ्यात माळ असली की प्रश्नच मिटतो. माळकऱ्याचे ताट वेगळ्या जागी, वेगळ्या चुलीवरचे, आणि ते मांडताना कुणी उपकाराची भाषा करत नाही. ‘ते माळकरी हैत’ एवढे तीन शब्द पुरतात. ज्याला काल-परवापर्यंत मित्र गुत्त्यावर ओढून नेत, त्याला माळ घातल्यावर तेच मित्र हात लावत नाहीत. दारू सोडताना घरातल्या मोहापेक्षा दारातला आग्रह जड जातो. माळ नेमकी त्या आग्रहाला उत्तर देते: नकार तिचा असतो, माणूस फक्त तो बाळगतो.

एकादशीच्या बाबतीत मात्र ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनीच केली आहे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, बटाटा, वर केळी, असा उपवास पोटाला विश्रांती देतो असे म्हणवत नाही. मूळ नेम निरंकाराचा किंवा फलाहाराचा. घरच्या बायका चातुर्मासात एकभुक्त राहत, म्हणजे दिवसातून एकदाच जेवत. ते हळूहळू मागे पडले आणि साबुदाणा उरला.

व्यसनाच्या दुसऱ्या टोकाला सरकार स्वतः उभे होते. निझाम सरकारच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबींत अबकारीची गणना होई. शिंदी आणि दारूचे गुत्ते लिलावाने दिले जात आणि गुत्तेदाराला गावात मान असे. तेलंगणाला लागून असलेल्या देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात शिंदी म्हणजे पहाटेचे पेय. शिंदीच्या झाडाला रात्री मडके बांधायचे, उन्हे चढण्याआधी उतरवायचे. ऊन लागले की रस आंबतो आणि चढतो. त्यामुळे संस्थानात दारू सोडणे ही खासगी बाब राहिली नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली 1947-48 मध्ये जो लढा दिला, त्यात जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम होता. कुऱ्हाड झाडावर पडायची आणि घाव बसायचा सरकारी तिजोरीवर. गावकऱ्यांच्या सवयीवर त्याचा परिणाम किती दिवस टिकला हे वेगळे; पण न पिणारा माणूस भित्रा किंवा भटाळलेला नसून लढ्यातला असू शकतो, हे त्या दोन वर्षांत खेड्यांना दिसले.

त्याआधी हेच काम आर्य समाजाने केले होते, आणि त्याचा रोख थेट शरीरावर होता. संस्थानात आर्य समाजाचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरू झाले आणि 1930 च्या दशकात उदगीर त्याचे एक मुख्य ठाणे बनले. तिथले वकील भाई श्यामलाल आणि त्यांचे भाऊ भाई बन्सीलाल यांनी हवनाबरोबर आखाडेही उभे केले. पहाटे उठणे, थंड पाण्याने अंघोळ, संध्या, दंडबैठका, लाठी, मद्यमांसाला बंदी अशी ती दिनचर्या होती. सरकारला हे रुचणारे नव्हतेच. खासगी शाळा आणि आखाडे काढायला परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. जाहीर सभांना तर 1929 पासून गश्ती निशाण 53 या परिपत्रकाचा अडसर होता. जोर मारायला परवाना लागतो म्हटल्यावर जोर मारण्याची हौस वाढली, असे म्हणायला हरकत नाही. भाई श्यामलाल 1938 मध्ये बीदरच्या तुरुंगात वारले. पुढच्या वर्षी आर्य समाजाने संस्थानभर सत्याग्रह केला, ज्याच्या मागण्यांत धार्मिक स्वातंत्र्याबरोबर आखाड्यांवरचे निर्बंध उठवण्याचाही विषय होता. सरकारने जुलै 1939 मध्ये सुधारणा जाहीर केल्या आणि ऑगस्टमध्ये सत्याग्रह मागे घेण्यात आला. उदगीरच्या श्यामलाल स्मारक शाळा आणि लातूरचे दयानंद महाविद्यालय ही त्या काळाची आज दिसणारी नावे.

या चळवळीला धार्मिक तंट्याचीही बाजू होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. आखाड्यातली लाठी व्यायामापुरती राहीलच असे नसे. मात्र तालीम ही संस्था आर्य समाजाहून जुनी आणि कोणत्याही एका धर्माच्या मालकीची नव्हती. लातूर-नांदेडच्या जुन्या वस्त्यांतून हिंदू आणि मुसलमान वस्ताद शेजारी शेजारी पोरे घडवत होते, आणि एकमेकांच्या पठ्ठ्यांशी मैदानात जोड लावत होते.

तालमीची रचना साधी. बुटके दार, वाकूनच आत जायचे. कोनाड्यात मारुती, भिंतीला मुदगल आणि करेल, मधे हौदा. हौद्यातली तांबडी माती चाळून आणलेली असते आणि तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळून ती मुरवलेली असते. अंगाला लागली तर ती बोचू नये आणि खरचटले तर चिघळू नये. रोज पहाटे ती फावड्याने उकरायची. हे काम नव्या पोरांकडे, आणि कुस्तीचा पहिला व्यायाम म्हणजे तेच. मग जोर, बैठका, शेवटी लढत. लढत झाली की अंगावरची माती वाळेपर्यंत बसायचे, घाम जिरवायचा. तोंडात तंबाखू धरून हौद्यात पाय टाकला तर वस्ताद कानाखाली आवाज काढायचा, आणि पोराचा बाप त्याबद्दल विचारायला यायचा नाही. खुराक दूध, तूप, बदाम, थंडाईचा. गरिबाच्या पोराला ज्वारीची भाकरी, भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे. लंगोट लावला की ब्रह्मचर्य, रात्री लवकर झोप, तमाशाला बंदी. ही यादी सांगायला कुणी आहारतज्ज्ञ लागत नसे.

पोराला तालमीत टिकवून धरायचे ते जत्रेने. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, लाल कंधारी बैल, वैदू-गोसावी यांच्या जोडीने तिथे कुस्त्यांची दंगल होते. लातुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत, महाशिवरात्रीला, तेच. सकाळी पहिल्या कुस्त्या लहानग्यांच्या, रेवड्यांवर. हलगी कडाडते, पंच दोन पोरांचे हात हातात देतो, आणि जिंकलेला पोरगा मूठभर रेवड्या घेऊन गर्दीतून बाप शोधत निघतो. पुढच्या वर्षी त्याला रेवड्यांवर नाही, पैशांवर लढायचे असते, आणि त्यासाठी वर्षभर पहाटे उठावे लागते. जत्रेची तारीख आधीच ठाऊक असणे आणि गाव बघायला असणे या दोन गोष्टींनी जेवढे व्यायाम घडवले, तेवढे कुठल्या उपदेशाने घडवले नसतील.

या वाटेने सर्वांत दूर गेलेले नाव हरिश्चंद्र बिराजदार यांचे. निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. 1969 मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. 1977 मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांना हरवले, ती कुस्ती अजून पारावर सांगितली जाते. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पुढची पिढी घडवली. 2011 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागोमाग लातूरचेच काका पवार, अर्जुन पुरस्काराचे मानकरी, पुण्यात तालीम चालवू लागले. जानेवारी 2020 मधल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत त्यांचेच दोन पठ्ठे समोरासमोर होते: नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. सदगीर जिंकला. ही कीर्ती खरी, पण तिच्यात एक तोटाही लपला आहे. चांगला पोरगा आता कोल्हापूर-पुण्याला जातो. गावची तालीम, जिथे पैलवान न होणारी पन्नास पोरेही घाम गाळायची, तिला मग कुलूप लागते किंवा तिथे लोखंडी वजनांची जिम येते.

दरम्यान जगण्याची रीतच पालटली. ज्वारीच्या रानात सोयाबीन आले. लातूरचा बाजार सोयाबीनच्या भावाने ओळखला जाऊ लागला, आणि ताटातली भाकरी हळूहळू चपातीला जागा देत गेली. शेतावर चालत जाणारा दुचाकीवर बसला. चहाची टपरी फाट्याफाट्यावर आली, आणि आल्या-गेल्याला दिवसातून कितीदा गोड चहा पाजावा याला धरबंद राहिला नाही. लातुरात शिकवणी वर्गांची वसाहत उभी राहिली. ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर-इंजिनिअर घडवले, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना दिवसाचे बारा-बारा तास बाकावर बसवले. डॉक्टर मात्र शहरात आले आणि टिकले. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये सुरू केलेले विवेकानंद रुग्णालय आणि नांदेडचे 1988 मधले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे रक्तातली साखर मोजून घेणे सोपे झाले. साखर वाढली आहे हे कळणे एक, आणि रात्रीचा गुलाबजाम नाकारणे दुसरे.

दारूच्या बाबतीत नकाराची जबाबदारी बायकांनी उचलली. राज्य सरकारच्या 2008 च्या नियमानुसार गावातल्या पुरेशा महिलांनी मागणी केली तर परवानाधारक दुकानावर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. निम्म्याहून जास्त मते आडवीला पडली की दुकान बंद. यात पिणाऱ्याचा निश्चय गृहीतच धरलेला नाही, हे या मार्गाचे बळ आणि दुबळेपणही. दुकान शेजारच्या गावी असतेच.

तब्येतीसाठीच म्हणून नेम धरण्याची लाट लातुरातूनच उठली, हा योगायोग. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा जनऔषधवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे स्वतःचे वजन वाढलेले होते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, अनेक पदव्यांसाठी प्रसिद्ध असलेले राजकारणी, खाण्याच्या वेळा आणि इन्शुलिन यांवर व्याख्याने देत. त्यांचे 2004 मध्ये अपघाती निधन झाले. त्यांच्या मांडणीचा प्रयोग दीक्षितांनी आधी स्वतःवर केला, वजन उतरलेले पाहिले आणि मग गावोगाव व्याख्याने सुरू केली. दीक्षितांच्या मांडणीचा गाभा थोडक्यात सांगता येतो. माणूस जितक्या वेळा खातो तितक्या वेळा इन्शुलिन स्रवते, आणि ते सतत चढे राहिले की साठलेली चरबी वापरली जात नाही. म्हणून कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचे आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. सुरू करण्याआधी उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्यायचे.

‘विनासायास वेट लॉस’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले, व्याख्यानाची चित्रफीत फोनाफोनांतून फिरली. महाग पदार्थ नाहीत, मोजमाप नाही, फी नाही. ज्याच्या घरी वजनकाटा नाही तोही हे करू शकत होता. आणि जुन्या माणसांना ते ओळखीचेही वाटले. सकाळी पोटभर खाऊन रानात जाणारा आणि दिवेलागणीला जेवून झोपणारा माणूस त्यांनी पाहिलेला होता.

आहारतज्ज्ञांपैकी अनेकांना हे पटले नाही. थोड्या थोड्या वेळाने खा असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या मताशी त्याची उघड टक्कर होती. सरकारने 2018 मध्ये दीक्षितांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूत नेमले तेव्हा ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद वर्तमानपत्रांत आणि लग्नाच्या मांडवात सारखाच रंगला. दोन जेवणांचा फायदा वजन उतरण्यापुरता की मधुमेह खरोखर माघारी फिरवण्याइतका, आणि गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाने हे डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करावे का, हे आक्षेप वाजवी होते. रक्तातली साखर एकाएकी उतरण्याचा धोका खरा आहे.

पण लोक टिकले ते इन्शुलिनच्या सिद्धान्ताने नव्हे. दीक्षितांच्या संस्थेने व्हॉट्सअॅपवर गट चालवले. नवा माणूस वजन, पोटाचा घेर, तपासणीचे आकडे टाकून सामील व्हायचा, आणि चुकला तर तिथे विचारायचा. ही दिंडीच होती, फक्त पायांऐवजी अंगठ्यांवर चालणारी. आणि पाहुण्यांकडे गोड चहाचा कप पुढे आला की सांगायला वाक्य मिळाले: ‘दीक्षित चालू आहे.’ एवढे म्हटले की यजमान कप मागे घेई, वर स्वतःच्या वजनाबद्दल दोन प्रश्न विचारी. ‘मला साखर आहे’ असे म्हणण्यात जो कमीपणा वाटे, तो यात नव्हता.

तुलनेने सरकारी सोहळे हवेत विरले. 21 जून 2019 रोजी योगदिनाचा राज्याचा मुख्य कार्यक्रम नांदेडला झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि बाबा रामदेव यांच्यासह हजारो लोकांनी एका सकाळी आसने केली. सतरंज्या गुंडाळल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला विचारायचे, याची काही योजना त्यात नव्हती. त्यापेक्षा शिखांच्या 2008 मधल्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीने नांदेडला जास्त दिले: त्यानिमित्त रस्ते झाले, गोदावरीचे घाट बांधले गेले, आणि चालणाऱ्याला पहाटे चालायला जागा मिळाली.

नेम मोडण्याच्या रीतीतही फरक आहे. माळकऱ्याचे पाऊल घसरले तर तो माळ काढून ठेवतो. गावाला ते दिसते, चर्चा होते, आणि पुढल्या वारीत तो ती पुन्हा घालून घेऊ शकतो. दीक्षा घेतलेल्याला प्रायश्चित्त आहे, अमृतधारी शिखाला पंजप्याऱ्यांपुढे तनखा. पैलवानाची कुस्ती सुटली की व्यायाम सुटतो आणि खुराक मात्र राहतो. म्हणून पन्नाशीनंतरचे अनेक पैलवान सुटलेल्या पोटाने आणि दुखऱ्या गुडघ्यांनी मैदानाच्या कडेला फेटा बांधून बसलेले दिसतात. दोन वेळच्या जेवणाला अशी परतण्याची रीत अजून तयार झालेली नाही. दिवाळीत फराळ होतो, लग्नसराई लागते, आणि माणूस एक दिवस गटातून गुपचूप बाहेर पडतो. फोनच्या पडद्यावर तेवढी एक ओळ उमटते, आणि बहुतेकांच्या नजरेतून तीही सुटते.